अंडं, चादर आणि उसाची ट्रॉली

परवा भाचा म्हणला, मामा, न्यूटनचा दुसरा नियम पाठ झालाय पण त्याचं करायचं काय तेच कळंना. म्हणलं फ्रीजमधनं दोन अंडी घे, कपाटातली जुनी चादर घे आणि चल गच्चीवर. सोलापुरात कायची पण कमी असंल, चादरीची नाही.

चादर दोघा भावंडांनी उभी धरली, तंग नाही हं, जरा सैल, आणि खालचा काठ वर वळवून, नाहीतर अंडं घरंगळून फरशीवर. मी जोरात मारलं. नाही फुटलं! दुसरं पाण्याच्या टाकीवर मारलं, त्याचं काय झालं ते सांगत नाही, पुसायला मलाच लागलं.

आता हिशोब. अंडं 50 ग्रॅम म्हणजे 0.05 किलो, वेग धरू सेकंदाला 10 मीटर. दोन्हीकडं वेग 10 वरनं शून्यावरच आला, फरक पडला तो किती वेळात आला यात. चादर अर्धा मीटर मागं गेली, थांबताना सरासरी वेग 5, म्हणजे 0.1 सेकंद लागला. 10 ला 0.1 नं भागलं की वेग दर सेकंदाला 100 या दरानं कमी झाला, त्या दराला 0.05 नं गुणलं की 5 न्यूटन, अर्धा किलो शेंगा हातात धरल्यावर लागतं तेवढंच बल. टाकीवर मात्र अंडं 2 सेंटीमीटरात चेपून थांबलं असं धरलं तर वेळ 0.004 सेकंद आणि बल 125 न्यूटन, साडेबारा किलोचा भार. अंडं तेच, वेग तोच, बल 25 पट!

बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण असं आपण घोकतो, पण न्यूटननं 1687 च्या प्रिन्सिपिया या ग्रंथात बल म्हणजे गतीतला बदल (गती म्हणजे वस्तुमान गुणिले वेग) असंच मांडलंय, आणि मला तेच जास्त पटतं.

मग भाच्यानं स्कूटर काढली. मी धरून 180 किलो, ताशी 36 म्हणजे परत सेकंदाला 10 मीटरच, 10 मीटरात थांबायचं तर 2 सेकंद आणि 900 न्यूटन. आणि हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर? सगळं मिळून 20 टन धरा, वेग निम्माच, ताशी 18, तरी तेवढ्याच 10 मीटरात थांबवायला 25,000 न्यूटन लागतात, त्यात बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नसतो, सगळा भार ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर.

तेव्हापासनं होटगी रोडला उसाचा ट्रॅक्टर दिसला रे दिसला की मागं बसलेला भाचा माझ्या पाठीत बोट खुपसतोय.