‘नन’पुढे ‘इज’ की ‘आर’? एका हट्टी नियमाची पार्श्वभूमी

स्पर्धा परीक्षेच्या उत्तरतालिकेवर इंग्रजीच्या प्रश्नांवरून वाद रंगतात, तेव्हा परिमाण दाखवणाऱ्या आणि पुढे क्रियापद एकवचनी लावावे की अनेकवचनी असा पेच पाडणाऱ्या शब्दांची एक ओळखीची टोळी समोर येते: ‘अ नंबर ऑफ’, ‘द मेजॉरिटी ऑफ’, ‘मोअर दॅन वन’ आणि ‘नन’ (none, म्हणजे ‘एकही नाही’). पहिल्या तिघांचे नियम क्लासमध्ये घोटून घेतात आणि ते बहुतांशी ठीकच आहेत. खरी गाठ बसली आहे ती ‘नन’ला.

‘नन’ म्हणजे ‘नॉट वन’, सबब क्रियापद एकवचनीच, असा युक्तिवाद केला जातो. व्युत्पत्ती खरी आहे. जुन्या इंग्रजीत ‘ने’ आणि ‘आन’ मिळून ‘नान’ झाला. पण तेव्हापासूनच हा शब्द दोन्ही वचनांत वावरतो. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये एके ठिकाणी ‘नन ऑफ देम इज लॉस्ट’ आहे, तर दुसरीकडे ‘नन ऑफ दीज थिंग्ज मूव्ह मी’, म्हणजे एकवचनी ‘मूव्ह्ज’ नव्हे. ग्रंथ एकच, वचने दोन. आणि त्यावर शतकभर तरी कुणी लाल शाई चालवल्याचे दिसत नाही.

शालेय व्याकरणाची लाट अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. 1762 मध्ये एका धर्मगुरूने लिहिलेले छोटे पुस्तक गाजले, आणि 1795 मध्ये यॉर्कजवळ स्थायिक झालेल्या एका अमेरिकन वकिलाचे व्याकरण निघाले. पुढची काही दशके इंग्रजी शिकवणाऱ्या जगावर या दुसऱ्या पुस्तकाचे राज्य होते. ‘नियम म्हणजे नियम’ ही वृत्ती याच पुस्तकाच्या माथी मारली जाते. पण ‘नन’बद्दल ते काय म्हणते? मुळात अर्थ ‘नॉट वन’ असावा आणि म्हणून त्याला अनेकवचन नसावे, हे ते नोंदवते. आणि लगेच सांगते की अनेकवचनी वापरालाही भक्कम आधार आहे. त्यासाठी दाखला देते तो बायबलचाच. म्हणजे जिथून हा नियम आला असे आपण समजतो, तिथेच तो सैल आहे. या पुस्तकाचे आपल्याशीही नाते आहे. 1836 मध्ये मुंबईत निघालेल्या आणि पुढे शाळांत चाललेल्या मराठी व्याकरणाची मांडणी त्याच्याच धर्तीवर झाली होती.

मग हट्ट आला कुठून? व्युत्पत्तीवरून वापर ठरवण्याची हौस एकोणिसाव्या शतकात बळावली, शब्दाचे मूळ सापडले की त्याचे वर्तनही ठरले असे मानले जाऊ लागले. 1926 च्या एका प्रतिष्ठित ब्रिटिश वापरकोशाने (शब्द कसे वापरावेत हे सांगणाऱ्या कोशाने) हा समज चुकीचा असल्याचे स्पष्ट सांगितले. तरीही एका अमेरिकन वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तिकेने, म्हणजे बातमी लिहिण्याच्या नियमपुस्तिकेने, बराच काळ एकवचनाकडेच कल ठेवला. छापखान्याला एक ठरावीक रीत हवी असते, हे समजण्यासारखे आहे. पण शैलीपुस्तिकेतली सोय म्हणजे भाषेचा कायदा नव्हे, हे परीक्षा घेणाऱ्यांपर्यंत पोहोचलेले दिसत नाही.

या वादाच्या मुळाशी आणखी एक अवघड कल्पना आहे. 1795 चे पुस्तक समूहवाचक नामाबद्दल म्हणते की क्रियापद कोणत्याही वचनात चालेल, मात्र मनात एकपणाची कल्पना आहे की अनेकपणाची, हे पाहावे. ‘कमिटी’ला ब्रिटिश पुष्कळदा ‘आर’ लावतात आणि अमेरिकन बहुधा ‘इज’, ते यातलेच. 1985 च्या मोठ्या इंग्रजी व्याकरणाने यात तीन वेगळी तत्त्वे दाखवली: रूपाप्रमाणे जुळणी, अर्थाप्रमाणे जुळणी, आणि क्रियापदाला जवळच्या नामाचे लागणारे वळण. 2002 च्या व्याकरणाने पुढचे पाऊल टाकले. ‘लॉट’, ‘नंबर’, ‘रेस्ट’ यांसारखी नामे त्याने वचनाच्या बाबतीत पारदर्शक मानली. त्यांच्यातून क्रियापदाला ‘ऑफ’पुढचे नामच दिसते. म्हणून ‘अ लॉट ऑफ वॉटर इज’, पण ‘अ लॉट ऑफ पीपल आर’. ‘द नंबर ऑफ’मध्ये मात्र बोलणे खुद्द संख्येबद्दल असते, तिथे ‘इज’. टक्केवारी आणि अपूर्णांकही बहुधा याच वाटेने जातात.

मराठी कानाला यात फारसे नवल वाटू नये. ‘कोणीच आलं नाही’ आणि ‘कोणीच आले नाहीत’ ही दोन्ही वाक्ये आपण बिनदिक्कत बोलतो.

अर्थच नेहमी जिंकतो असेही नाही. ‘मोअर दॅन वन स्टुडंट’ म्हणजे निदान दोन, तरी क्रियापद एकवचनी. ‘मेनी अ मॅन’ (अनेक माणसे) याचेही तसेच. उलट ‘फाइव्ह माइल्स’ला अंतर म्हणून ‘इज’ लागते, रूप अनेकवचनी असूनही. या जोड्यांबद्दल फारशी तक्रार होत नाही, कारण त्यांच्यापुढे क्रियापदाचे एकच रूप रूढ आहे.

‘नन’ला दोन्ही रूपे आहेत आणि वस्तुनिष्ठ प्रश्नपत्रिकेला एकच उत्तर हवे असते. ‘नन ऑफ द मिल्क वॉज’सारखे वाक्य घातले असते तर वाद उद्भवला नसता, दुधाला अनेकवचन नाही. प्रश्न काढणारे मात्र ‘नन ऑफ द स्टुडंट्स’च घालतात, आणि ‘वॉज’ व ‘वेअर’ हे दोन्ही पर्याय खाली देतात.