शेतकरी आणि शास्त्रज्ञांनी मिळून घडवलेला वाण : नोंदणी कोणाच्या नावावर, कशी?

जुन्या भाताच्या चांगल्या लोंब्या शेतकऱ्याने वर्षानुवर्षे निवडल्या, मग कृषी विद्यापीठातल्या पैदासकाराने त्याच बियाण्यावर काम केले आणि एक उत्तम वाण हाती आला. आता तो कोणाचा? पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम, २००१ नुसार तो दोघांच्या नावावर होऊ शकतो. मात्र अर्ज करण्याआधी दोघांनी ते कागदावर ठरवलेले बरे. नंतर ठरवायला बसलात की भांडण ठरलेले.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये 'पटेल ३' भाताच्या पिकात वेगळ्या दिसणाऱ्या काही लोंब्या हेरल्या आणि त्यांतून 'एचएमटी' घडवला. पुढे तोच भात शुद्ध करून कृषी विद्यापीठाने प्रसारित केला आणि श्रेयावरून वाद झाला. हा कायदा तेव्हा नव्हता, आज आहे.

कायद्यातल्या 'पैदासकार' या व्याख्येत शेतकरीही येतो. त्यामुळे अर्जात आभार मानून त्याची बोळवण करायचे कारण नाही, तो सरळ सहअर्जदार होतो. एकटा शेतकरी, शेतकरी गट, गावसमूह किंवा सरकारी पैशावर चालणारी कृषी संस्था यांपैकी कोणीही स्वतंत्र किंवा संयुक्त अर्ज करू शकते. पिकाचे नाव मात्र केंद्र सरकारच्या अधिसूचित यादीत हवे. ते आधी बघा.

मग प्रकार ठरवा, कारण पुढची सगळी कागदपत्रे त्यावरच अवलंबून आहेत. शेतकऱ्यांनी परंपरेने लावलेला, त्यांच्याच शेतात घडत आलेला वाण हा 'शेतकरी वाण'. गावरान वाणाचा दुसऱ्याशी संकर करून वेगळेच काही तयार केले असेल, तर तो 'नवीन वाण'. नवीन वाणाचे बियाणे अर्जाच्या तारखेआधी भारतात एक वर्षाहून जास्त काळ विक्रीत नसावे. चाचणीपुरते पेरले तर हरकत नाही. पण पीक डोळ्यांत भरले की शेजारीपाजारी बियाणे मागतात, चार पिशव्या विकल्या जातात आणि पुढे अर्ज अडतो. शेतकरी वाणाला ही अट नाही.

शेतकरी वाणाचा अर्ज त्यामानाने सोपा. विहित नमुना, वाणाच्या गुणधर्मांची तांत्रिक प्रश्नावली, ठरलेले बियाणे आणि एक साक्षांकन एवढे पुरते. साक्षांकन पंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती, जिल्हा कृषी अधिकारी, जिल्हा आदिवासी विकास अधिकारी किंवा राज्य कृषी विद्यापीठाचे संशोधन संचालक यांपैकी एकाचे चालते.

नवीन वाणाला मूळ पालक वाणांची माहिती, ते भारतात कुठून घेतले आणि ते कायदेशीर मार्गाने मिळाले याची घोषणा, शिवाय बीज वांझ करणारे तंत्रज्ञान वापरले नसल्याचे शपथपत्र लागते. आदिवासी किंवा ग्रामीण कुटुंबांनी जपलेले बियाणे वापरले असेल तर तेही उघड करावे लागते. ते लपवले तर पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क प्राधिकरणाचे (वाणांची नोंदणी करणारी सरकारी संस्था) निबंधक, म्हणजे नोंदणी अधिकारी, अर्ज फेटाळू शकतात. माझ्या मते कायद्यातले हे सगळ्यात उपयोगी कलम आहे, आणि संशोधक सगळ्यात घाईने उरकतात तेही हेच.

वाणाला गावाचे नाव द्यायचा मोह होतो. पण नावात भौगोलिक नाव असेल तर नकार मिळू शकतो, नुसते आकडेही सहसा चालत नाहीत. दुसरे एखादे नाव हाताशी ठेवा.

शेतकरी, शेतकरी गट आणि गावसमूह यांना या कायद्याखाली कसलेही शुल्क नाही. संस्था सहअर्जदार असेल तर तिच्या शुल्काचे काय, हे अर्जाआधी प्राधिकरणाच्या कार्यालयात विचारून घ्या.

पुढे वाण वेगळा, एकसारखा आणि स्थिर आहे का, याची चाचणी होते. पिकात वेगळी झाडे किती चालतील, याची मर्यादा शेतकरी वाणासाठी दुप्पट सैल आहे. अर्ज स्वीकारल्यावर त्याची जाहिरात होते आणि तीन महिन्यांत कोणालाही हरकत घेता येते. नोंदणी टिकते ती झाडे व वेलवर्गीय पिकांसाठी १८ वर्षे, इतर पिकांसाठी १५. पण प्रमाणपत्र आधी अनुक्रमे नऊ आणि सहा वर्षांचेच मिळते, मग नूतनीकरण करावे लागते.

प्राधिकरणाचे मुख्यालय दिल्लीत, शाखा कार्यालय पुण्यातही आहे. जाताना दोघांच्या सह्यांचा करार सोबत न्या : बियाणे कोणी दिले, निवड कोणी केली, उत्पन्नाचा वाटा कसा, आणि पुढे कोणी या वाणावरून दुसरा वाण काढला तर संमती कोणाची घ्यायची.