प्राणी ‘मी’ म्हणून गोष्ट सांगतो तेव्हा : अद्भुत साहसकथा निवडताना

मांजर, कुत्रा, उंदीर किंवा कावळा स्वतःच आपली कहाणी सांगतो, अशा अद्भुत साहसकादंबऱ्या मुलांना फार आवडतात. आमच्या संग्रहात त्या बऱ्याच आहेत, पण सगळ्या सारख्या चांगल्या नसतात. पुस्तक कसे पारखावे, हे पालक आम्हाला नेहमी विचारतात, म्हणून हे पत्रक.

पहिली दोन-तीन पाने तिथेच उभ्याने वाचा आणि एवढेच पाहा: सांगणाऱ्याला त्याचे स्वतःचे अंग आहे का? कुत्र्याला लाल रंग आपल्यासारखा दिसत नाही, पण वाटेवरून कोण गेले ते त्याला वासावरून कळते. मांजराला गोड चव लागतच नाही. मात्र आपल्याला ऐकू न येणारे बारीक आवाज ते टिपते. घोड्याला जवळजवळ चहूबाजूंचे दिसते, फक्त नेमके नाकासमोरचे आणि पाठीमागचे सुटते. चांगला लेखक या गोष्टींतूनच साहस उभे करतो. जादूचे दार माणसाला सापडत नाही, उंदराला सापडते, कारण तो भिंतीच्या कडेकडेने मिशांनी चाचपत जातो. राक्षस अदृश्य झाला तरी कुत्र्यापासून लपत नाही. उलट, मांजर मिटक्या मारत लाडू खात असेल आणि माणसासारखेच विचार करत असेल, तर तो शेपूट लावलेला मुलगाच समजा. असे पुस्तक आम्ही सहसा सुचवत नाही.

जादूच्या राज्याला नियम लागतात, ते इथे प्राण्याच्या शरीरातून आपोआप मिळतात. निवेदक लहान आहे, त्याला कडी काढता येत नाही, माणसांशी बोलता येत नाही. त्यामुळे प्रत्येक संकट खरे वाटते आणि सुटकेसाठी डोके लढवावेच लागते.

ही रीत आपल्याला परकी नाही. सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या ‘कादंबरी’त वैशंपायन नावाचा पोपट शूद्रक राजाला आधी आपलीच कहाणी सांगतो: शाल्मलीच्या झाडावरचा जन्म, शिकाऱ्याच्या हातून मेलेला बाप, आणि वाळल्या पानांच्या ढिगावर पडल्यामुळे वाचलेले, अजून उडता न येणारे पिल्लू. तहानेने सरपटत निघालेल्या त्या जिवाचे वर्णन आजही काळजाला भिडते. इंग्रजीत १८७७ साली अ‍ॅना स्यूअल यांची ‘ब्लॅक ब्यूटी’ आली. ती अद्भुतकथा नाही, पण मान ताणून धरणाऱ्या लगामाचा जाच घोड्याच्याच तोंडून ऐकल्यावर वाचकांना तो खुपू लागला.

प्राणी बोलतात हे मूल खरे मानेल का, ही भीती नको. खेळातले खोटे आणि घरातले खरे मुलांना चांगले वेगळे करता येते. भीतीच्या प्रसंगांकडे मात्र लक्ष द्यावे. या कथांत शिकार असते, ताटातूट असते, कधी निवेदकाचा सोबती मरतो. हे भाग गाळू नका, असे आमचे मत आहे. पण ते झोपण्यापूर्वी एकट्याने वाचायला देऊ नका, शेजारी बसून वाचा.

वाचून दाखवणार असाल तर निवेदकाचा एकच आवाज ठरवा आणि तो शेवटपर्यंत टिकवा. म्याव-भू-भू करण्याची गरज नाही. वेग बदलला तरी पुरते: खारीचे बोलणे तुटक आणि झरझर, कासवाचे संथ. प्रकरण अडचणीच्या जागी थांबवून ‘आता हा काय करेल?’ विचारले की मूल बहुधा माणसाचा उपाय सांगते. मग ‘पण याला हात नाहीत’ एवढेच म्हणा. खरी मजा तिथून सुरू होते.

आमच्याकडे पुस्तक मागताना फक्त वय सांगू नका. मूल स्वतः वाचते की ऐकते, त्याला कोणत्या प्राण्याची ओढ आहे आणि कशाची भीती वाटते, तेही सांगा. त्यावरून आम्ही दोन-तीन पुस्तके काढून देऊ; त्यातले एक मुलालाच निवडू द्या.