कान फुटतो तो पाण्यामुळे?

‘डोक्यावरून आंघोळ केली, कानात पाणी गेलं, म्हणून कान फुटला.’ हे आपण आजीपासून ऐकत आलोय. पण पडदा शाबूत असेल तर बाहेरचं पाणी मधल्या कानात पोचतच नाही. तिथला जंतुसंसर्ग बहुधा नाकाघशाकडून, आतल्या नळीतून चढतो. लहान मुलांची ही नळी आखूड आणि आडवी, म्हणून सर्दीपाठोपाठ कान ठणकतो. तिथले नेहमीचे जंतू न्यूमोकॉकस आणि हिमोफिलस.

रुग्णालयात मात्र जंतूंची मंडळी वेगळी. महिनोन्‌महिने वाहणाऱ्या कानातला पू तपासला की बहुतेकदा स्युडोमोनास नाहीतर स्टॅफिलोकॉकस सापडतो. स्युडोमोनास ओलाव्यावर जगतो, अगदी वॉर्डातल्या बेसिनमध्येसुद्धा. नेहमीचं अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक त्याला लागूच पडत नाही. म्हणून डॉक्टर कापसाच्या काडीने पू घेऊन कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायला, पाठवतात. तो पैसे काढायचा धंदा नव्हे. अतिदक्षता विभागात नाकातून नळी घातलेल्या रुग्णाची कानाकडची वाट सुजून बंद होते आणि मधल्या कानात पाणी साठतं. हे पाणी आंघोळीचं नव्हे!

पाण्याचा दोष अगदीच नाही असं नाही. पडदा आधीच फाटला असेल तर कान कोरडा ठेवायलाच हवा. कानाची बाहेरची नळी ओली राहिली तरी ती सुजते. त्यात कोमट तेल ओतलं की बुरशीचं फावतं: ओल्या वर्तमानपत्रासारखा लगदा, वर काळे ठिपके. मधुमेही वृद्धाच्या कानात रात्रभर ठणका असेल तर घरगुती उपाय करत बसू नका. स्युडोमोनास तिथून कवटीच्या हाडात उतरतो.