चाचणी-निकाल फलक

सॉफ्टवेअरच्या स्वयंचलित टेस्ट धावून झाल्या की त्यांचा निकाल पडद्यावर मांडणारा इंटरफेसचा घटक. पास, फेल आणि वगळलेल्या टेस्टची संख्या व लागलेला वेळ वर असतो, खाली एकेका टेस्टची ओळ. फेल झालेली ओळ उघडली की अपेक्षित आणि मिळालेले मूल्य, फाइल व ओळक्रमांक दिसतो. ‘बिल्ड लाल झालंय’ (कोडपासून तयार केलेली आवृत्ती टेस्टमध्ये नापास झाली) असे गोव्यातल्या वेर्ण्याच्या कार्यालयातही कानावर पडते, ते याच फलकाकडे बघून.

सगळ्या टेस्ट पास तर हिरवी, नाहीतर लाल अशा पट्टीची सवय लावली ती जेयुनिटने, म्हणजे जावा भाषेतल्या टेस्ट चालवणाऱ्या साधनाने. केंट बेक आणि एरिक गॅमा यांनी १९९७ साली झुरिकहून अटलांटाला जाताना विमानातच त्याची सुरुवात केली. हजारात एक टेस्ट फेल झाली तरी अख्खी पट्टी लाल. बिल्ड व टेस्ट आपोआप चालवणाऱ्या जेंकिन्स या साधनात मात्र यशाचा गोळा बरीच वर्षे निळा होता, कारण कर्ते कोसुके कावागुची जपानचे आणि तिथे हिरवा सिग्नलही निळाच म्हणवतो. हिरव्याचा हट्ट असणाऱ्यांसाठी वेगळे प्लगिन (जोड-सॉफ्टवेअर) निघाले! लाल-हिरव्यातला फरक ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी रंगाच्या जोडीला बरोबर-चूक खूण लागतेच.

फलकाचा खरा कस लागतो तो अपेक्षित आणि मिळालेल्या मूल्यातला फरक दाखवताना, आणि देवनागरीत तर फारच. समजा, रायबंदर–चोडण फेरीबोटीच्या वेळा मराठी-कोकणीत देणारे ॲप आहे आणि एक टेस्ट फेल होते:

अपेक्षित: शेवटच्या फेऱ्या
मिळाले: शेवटच्या फेऱ्या

दोन्ही ओळी हुबेहूब. ‘ऱ’ यूनिकोडमध्ये (संगणकासाठी अक्षरांना क्रमांक, म्हणजे संकेतांक, देणाऱ्या पद्धतीत) एका संकेतांकाने लिहिता येतो, तसाच ‘र’ला नुक्ता (अक्षराखालचा टिंब) जोडून दोन संकेतांकांनीही. डोळ्याला फरक नाही, संगणकाला आहे. अशा वेळी संकेतांक उलगडून दाखवणारा फलकच कामाचा. नाहीतर माणूस टेस्टलाच शिव्या घालत बसतो. चुकीच्या जागेखाली बाणाची खूण करणारे फलकही इथे फसतात. ते संकेतांक मोजतात, पण ‘च्या’सारखे जोडाक्षर चार संकेतांकांचे असून पडद्यावर एकाच अक्षराएवढी जागा घेते, मग बाण भलतीकडेच जातो.

निकाल बहुधा जेयुनिट पद्धतीच्या एक्सएमएल (खुणांनी माहितीची रचना सांगणाऱ्या मजकुराच्या) फाइलमधून येतात. ही मांडणी अपाची अँट या जावा प्रोग्रॅमची बिल्ड करणाऱ्या साधनामुळे रूढ झाली, आणि पायथन किंवा जावास्क्रिप्टच्या टेस्टही आज तीच फाइल लिहू शकतात.