पुढे कुठला लॉकर, मागे कुठला: या वादामागचा इतिहास

पावसाळा तोंडावर आला की ऑफरोडवाल्यांच्या गप्पा हमखास लॉकरवर येतात, म्हणजे गाडीची पुढची किंवा मागची दोन्ही चाकं एकत्रच फिरायला लावणाऱ्या यंत्रणेवर. मागे कुठला टाकू, पुढे टाकू का नको, एअरवाला घेऊ का ऑटोमॅटिक, आणि मग अमेरिकन व्हिडिओ बघून आलेला एक सांगतो, ऑस्ट्रेलियन व्हिडिओ बघून आलेला बरोबर त्याच्या उलट सांगतो. खोटं कोणीच बोलत नसतं. लॉकरची दोन वेगळी घराणी आहेत, दोन्ही वेगवेगळ्या कामासाठी जन्माला आली, आणि आपल्याकडे दोन्हीचे सल्ले एकाच वेळी येऊन पडतात म्हणून डोक्याचा भुगा होतो. ही घराणी कळली की निम्मा वाद तिथेच मिटतो असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात साध्या डिफरेन्शियलपासून (थोडक्यात डिफ), म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या जोडणीपासून. पॅरिसच्या ओनेसिफोर पेकर नावाच्या घड्याळजीने १८२७ साली वाफेच्या गाडीसाठी त्याचं पेटंट घेतलं. अडचण सरळ होती, वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, आतल्याला कमी, दोन्ही एकाच दांड्यावर घट्ट बसवली तर एक चाक फरफटणार. डिफने ते सोडवलं, पण त्या बदल्यात एक गोष्ट पदरात आली. ओपन डिफ, म्हणजे लॉकर नसलेला साधा डिफ, दोन्ही चाकांना कायम सारखाच टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतो. बऱ्याच लोकांना वाटतं की गरगर फिरणाऱ्या चाकाकडे सगळी ताकद पळून जाते, तसं नसतं, हवेत लटकलेलं चाक फिरवायला जेवढा किरकोळ टॉर्क लागतो तेवढाच जमिनीवरच्या चाकालाही मिळतो, आणि तेवढ्यात गाडी हलत नाही. म्हणूनच फोर बाय फोर असूनही पुढचं एक आणि मागचं विरुद्ध बाजूचं एक अशी दोन चाकं तिरकी टांगली गेली की गाडी जागच्या जागी घुमत बसते.

यावरचा उपाय आपल्याकडे शेतकऱ्याला जीपवाल्याच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. ट्रॅक्टरवर बसलात तर बहुतेक मॉडेलमध्ये उजव्या टाचेपाशी एक छोटं पेडल असतं, तो डिफ लॉक. ओल्या रानात नांगरताना एक चाक घसरायला लागलं की टाचेने दाबायचं, मागची दोन्ही मोठी चाकं एक होऊन फिरतात, ट्रॅक्टर निघतो, आणि बांधावर वळायच्या आत पाय काढायचा. हवा तेव्हा लावा, काम झालं की काढा. पहिलं घराणं नेमकं याच विचाराचं.

ते घराणं युरोपातलं. दुसरं महायुद्ध संपता संपता अल्बर्ट फ्रीडरिखने जर्मनीत युनिमॉगची कल्पना मांडली, शेतीकामाची फोर व्हील गाडी, चाकांमधलं अंतर १२७० मिलिमीटर, कारण बटाट्याच्या दोन सऱ्या त्यात बरोबर बसतात. पहिला नमुना १९४६ मध्ये फिरला आणि त्याच्या आराखड्यातच पुढे आणि मागे दोन्हीकडे डिफ लॉक होते, ड्रायव्हरने लावायचे. मग ऑस्ट्रियात ग्रात्सच्या श्टायर-डाइमलर-पुखने १९५९ मध्ये हाफलिंगर काढली, आल्प्सच्या डोंगरात फौजेसाठी, एवढीशी गाडी पण पुढचा-मागचा दोन्ही लॉक आणि तेही चालत्या गाडीत लावता येणारे. पुढे १९७१ ला पिन्झगाउअर, आणि १९७९ ला तिथेच मर्सिडीजबरोबर जी-वॅगन. या सगळ्यांत निर्णय ड्रायव्हरचा. म्हणूनच तर पुढच्या ॲक्सलला (दोन चाकं जोडणाऱ्या आसाला) लॉक देण्याची हिंमत त्यांना झाली, कारण तो एरवी बंदच असणार होता.

दुसरं घराणं अमेरिकेतलं, आणि त्याचा विचार उलटा आहे. १९४१ च्या सुमारास डेट्रॉइटमध्ये नोस्पिन डिफरेन्शियल आला, युद्धात फौजी ट्रकांत बसला, आजही लोक त्याला डेट्रॉइट लॉकर म्हणूनच ओळखतात. त्यात ड्रायव्हरला काहीही करायचं नसतं. दोन्ही चाकं मुळात जोडलेलीच, वळताना बाहेरचं चाक जोरात फिरायला लागलं की आतल्या दात्यांची पकड सुटते, वळण संपलं की परत बसते. भक्कम काम, तुटायचं नाव नाही, पण गावातल्या रस्त्यावर वळताना खाडकन आवाज येतो आणि गॅस दिला-सोडला की गाडीचा मागचा भाग किंचित हलल्यासारखा वाटतो, सवय नसलेला माणूस घाबरतो. मग १९५६ च्या आसपास पॅकार्ड, स्टुडबेकर यांच्या कारमध्ये क्लच प्लेटांचे लिमिटेड स्लिप डिफ आले, म्हणजे पूर्ण लॉक न होता चाकाचं घसरणं थोडं आवरणारे, बर्फाच्या रस्त्यांसाठी, आणि १९७३ मध्ये ईटनचा मेकॅनिकल लॉकर आला जो पुढे पिकअप ट्रकांत अफाट खपला.

हा ईटन जरा जवळून बघण्यासारखा आहे कारण आपल्या थारच्या काही मॉडेलमध्ये तोच आहे. आत एक छोटा गव्हर्नर असतो, त्याला वजनं लावलेली. एका चाकाने दुसऱ्यापेक्षा मिनिटाला साधारण १०० फेरे जास्त मारले की वजनं बाहेर फेकली जातात, खिट्टी अडकते, क्लच दाबले जातात आणि डिफ लॉक होतो. साधारण ३० किलोमीटरच्या वर वेग असेल तर लॉक होतच नाही, हायवेला धोका नको म्हणून. म्हणजे हा लॉकर कामाला यायला आधी चाक फिरावं लागतं. चढावर सुट्या दगडांत ‘टक’ होईपर्यंत थोडा गॅस धरायला लागतो, नवीन माणूस नेमका तेव्हाच पाय काढतो आणि म्हणतो की माझा लॉकर चालत नाही.

आता पुढच्या ॲक्सलचं दुखणं. अमेरिकन घराणं वाढलं ते मुख्यतः मागच्या ॲक्सलवर, पिकअप मागच्या चाकांवर चालतात म्हणून. पुढची चाकं वळतात, आणि लॉक असताना दोन्ही एकाच वेगाने फिरायचा हट्ट धरतात, स्टिअरिंग दगडासारखं जड होतं, गाडी सरळच जायला बघते, आणि पूर्ण वळवलेल्या चाकावर गॅस दिला तर सगळा जोर शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) आणि चाक जोडणाऱ्या एका जॉइंटवर येतो. जुन्या लँड क्रूझरचे बर्फील्ड जॉइंट यातच फुटायचे. तरी अमेरिकेत लोक पुढेही ऑटोमॅटिक लॉकर टाकतात आणि शिफारसही करतात, आणि त्याचं कारण लॉकरमध्ये नाहीच, हबमध्ये आहे. आर्थर वॉर्नने १९४८ मध्ये युद्धातून उरलेल्या जीपांसाठी हाताने फिरवायचे लॉकिंग हब काढले, चाक शाफ्टपासून सोडवणारे. हब मोकळे केले की रस्त्यावर पुढचे शाफ्ट फिरतच नाहीत, त्यामुळे पुढचा लॉकर कितीही हट्टी असला तरी त्रास द्यायला जागा नाही. ज्याच्या गाडीला असे हब नाहीत त्याने तो सल्ला जसाच्या तसा उचलला की फसला. लॉकर घ्यायच्या आधी आपल्या पुढच्या चाकाच्या मधोमध फिरवायची चकती आहे का ते बघा.

दोन्ही घराण्यांची गाठ पडली ती ऑस्ट्रेलिया आणि जपानमध्ये. ८० च्या दशकात मेलबर्नच्या एआरबी कंपनीने रॉबर्ट्स डिफ लॉकचे हक्क घेतले आणि त्यातून एअर लॉकर बाजारात आणला. एरवी साधा ओपन डिफ, बटण दाबलं की छोट्या कॉम्प्रेसरची हवा बारीक नळीतून हाउसिंगमध्ये जाते, पिस्टन सरकतो आणि साइड गिअर जाम होतो. युरोपियन विचार, पण कुठल्याही जुन्या ॲक्सलमध्ये बसवता येईल असा, हे त्याचं मोठं यश. दुखणीही हवेचीच, ओ-रिंग गेली की हवा गळते, कधी नळीतून तेल वर येतं.

टोयोटाने ८० सिरीज लँड क्रूझरला कंपनीतूनच मोटरवर चालणारे लॉकर दिले, आणि त्याचा डॅशबोर्डवरचा खटका मला या सगळ्या इतिहासातली सगळ्यात शहाणी वस्तू वाटते. एक घर फिरवलं की मागचा लागतो, अजून एक घर फिरवलं की पुढचाही. नुसता पुढचा लावायची सोयच ठेवलेली नाही. २००३ च्या जीप रँग्लर रुबिकॉनमध्येही क्रम हाच, आधी मागचा, मग पुढचा, आणि तेही लो रेशोमध्ये, म्हणजे वेग कमी आणि जोर जास्त देणाऱ्या गिअरमध्ये.

मागचा आधी का, तर चढावर वजन मागे सरकतं, मागच्या टायरांना ग्रिप जास्त असते आणि स्टिअरिंगही मोकळं राहतं. पण मागचा लॉकर म्हणजे सगळीकडे फायदाच असंही नाही. कोकणातल्या लाल मातीच्या आडव्या उतारावर ओपन डिफ असेल तर एक चाक फिरतं आणि दुसरं न फिरता गाडीला बाजूला घसरण्यापासून धरून ठेवतं. लॉक लावलात की दोन्ही फिरायला लागतात, धरून ठेवणारं कोणी उरत नाही आणि गाडीची मागची बाजू हळूहळू खाली सरकते. कायम लॉक असलेल्या डिफचा खरा तोटा तो हा.

आपल्याकडचा प्रवास उशिराचा. महिंद्राने ४० च्या दशकाच्या अखेरीस विलिस जीप जोडायला घेतल्या, १९८५ ला जिप्सी आली, दोन्हीचे डिफ ओपन. त्यामुळे कित्येक वर्षं ज्याला लॉकर हवा त्याने एकतर बाहेरून मागवायचा नाहीतर गॅरेजमध्ये मागचा डिफ सरळ वेल्ड करून घ्यायचा. वेल्ड केलेली गाडी चिखलात भारी चालते, पण डांबरी रस्त्यावर प्रत्येक वळणाला टायर घासतो आणि शाफ्टवर ताण येतो, रोजच्या गाडीला हे करू नका.

हे चित्र पालटलं त्यात आकुर्डीच्या फोर्स मोटर्सचा, म्हणजे आपल्या जुन्या बजाज टेम्पोचा वाटा मोठा आहे. त्यांच्या गुरखा या गाडीला पुढे-मागे दोन्ही लॉकर कंपनीतूनच, सीटशेजारच्या दोन लिव्हरवर, सरळ युरोपियन घराण्यातले. २०१४ पासून गोव्यात भर पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफरोड स्पर्धा सुरू झाली आणि दोन लॉकर असले की काय फरक पडतो ते लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. थारला २०१५ मध्ये मागे ईटनवाला मिळाला. २०२१ पासून रँग्लर पुण्याजवळ रांजणगावात जोडली जाऊ लागली, २०२२ ला टोयोटाची हायलक्स पिकअप मागच्या इलेक्ट्रॉनिक लॉकसह आली, आणि २०२४ च्या थार रॉक्समध्ये महिंद्राने फोर बाय फोरला मागे बटणाचा लॉकर दिला, म्हणजे अमेरिकन घराण्यातून उठून दुसऱ्या घराण्यात गेले.

पुढच्या ॲक्सलला मात्र यातल्या बहुतेक गाड्यांत लॉकर नाहीच, फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून टॉर्क दुसरीकडे ढकलणारं इलेक्ट्रॉनिक्स आहे. ते हळू चालतं, गॅस धरून ठेवावा लागतो आणि फार वेळ चाललं की ब्रेक तापतात, पण स्टिअरिंगला हात लावत नाही आणि शाफ्टवर अचानक झटका देत नाही. मागे खरा लॉकर आणि पुढे हे, एवढ्यावर सह्याद्रीतल्या बहुतेक वाटा निघतात. पुढेही लॉकर हवाच असेल, तर असे मोकळे होणारे हब नसलेल्या गाडीला बटणावरचाच घ्या, आणि बजेट काढताना पुढच्या शाफ्टचे आणि जॉइंटचे पैसे लॉकरच्या किमतीत धरूनच काढा.