पिल्लू लहान नसतं!

पावसाळा लागला की इंदूरच्या राळामंडळ अभयारण्यात फिरताना कुणीतरी बोट दाखवून म्हणतंच, "ते बघ, केवढंसं पिल्लू!" बहुतेक वेळा ती पूर्ण वाढलेली फुलचुखी असते, नाहीतर वटवट्या. गाणाऱ्या पक्ष्यांची पिल्लं घरटं सोडतात तेव्हा अंगानं जवळजवळ आईबापांएवढी झालेली असतात. आखूड असते ती शेपटी.

म्हणून आकार सोडा, पिसं बघा. घरट्यात साप, कावळा, भारद्वाज यांची सतत भीती; त्यामुळे बरीच पिल्लं दोन आठवड्यांच्या आसपास घरट्याबाहेर पडतात. तेवढ्यात अंगभर पिसं उगवायला हवीत. पीस केराटिनचं, केराटिन म्हणजे प्रथिन, आणि ते येणार आईबाप आणतील त्या अळ्या-किड्यांतून. मग काटकसर होते. पंखांची पिसं बरी भक्कम, पण अंगावरची विरळ तंतूंची, भुरभुरीत.

खरी गंमत शेपटीत आहे. पिसावर आडव्या पुसट पट्ट्या असतात. एक फिकट, एक गडद अशी जोडी म्हणजे साधारण २४ तासांची वाढ. या पट्ट्यांवरून पक्ष्याचं पोषण कसं मोजावं, हे अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ थॉमस ग्रब यांनी १९८९ मध्ये मांडलं. मोठ्या पक्ष्याची शेपटी पाळीपाळीनं झडून येते, त्यामुळे शेजारशेजारच्या पिसांतल्या पट्ट्या जुळत नाहीत. पिल्लाची सगळी पिसं एकदमच वाढतात. उपासाचा दिवस प्रत्येक पिसावर एकाच उंचीवर उमटतो आणि शेपटीभर सरळ ओळ दिसते. अर्थात हे अभ्यासासाठी पक्षी हातात घेऊन त्याच्या पायात कडी घालणाऱ्यांनाच नीट दिसतं.

दुर्बिणीवाल्यांनी चोचीच्या कोपऱ्यातली मऊ पिवळी कड शोधावी. दयाळाच्या पिल्लाची छाती तपकिरी खवल्यांची, बुलबुलाच्या पिल्लाचं बूड फिकट, सातभाईच्या पिल्लाचे डोळे गडद. मोठ्या सातभाईचे पांढुरके. मोबाइलचं अ‍ॅप टक्केवारीसकट नाव ठोकून देतं, तिच्यावर फार विसंबू नये. आणि माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, ही निव्वळ भाकडकथा. तरी उचलू नकाच. आईबाप जवळपास असतात, भरवतही असतात.

सातभाईंच्या घोळक्यात एखादं पिल्लू पट्टेरी शेपटीचं, छातीवर तपकिरी रेघांचं आणि भलतंच खादाड दिसलं, तर ते कोकिळेसारखी दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालणाऱ्या पावशाचं असू शकतं. सातभाई त्यालाही भरवत राहतात.